खांब, तार आणि थकबाकी

रस्त्यावरच्या दिव्यांचा इतिहास बहुधा दिवे विकणाऱ्यांनीच लिहून घेतलेला असतो. तेलाची बत्ती, मग कोळशाचा वायू, मग तारेचा बल्ब, पारा, सोडियम आणि शेवटी एलईडी अशी वंशावळ मांडायची, प्रत्येक पिढीत उजेड वाढला आणि खर्च घटला असं दाखवायचं, की कंपनीची स्मरणिका तयार. मुंबई-पुण्यात बसून वाचताना ती पटतेही. हिंगोली जिल्ह्यात बसून वाचली तर तिच्यातली फट दिसते. या वंशावळीतले बरेचसे दिवे इथे पोचले, काही फार उशिरा. पण इथल्या रस्त्यावर अंधार पडला तो दिवा जुन्या पिढीचा होता म्हणून क्वचितच. बिल थकलं, चोक जळाला, तार तुटली, शिडी घेऊन चढणारा माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही, अशी कारणं जास्त. म्हणून या आढाव्यात एकच प्रश्न धरून चालायचं आहे. दिवा बसवण्याचे पैसे कुणी दिले हे पाहायचंच, पण तो रात्रीमागून रात्र चालू ठेवण्याचे पैसे कुणी द्यायचं ठरलं होतं, ते आधी पाहायचं.

पहिल्या दिवा-कंपन्यांना हा प्रश्न चांगला कळत होता. लंडनची गॅस लाइट अँड कोक कंपनी १८१२ साली सनद घेऊन उभी राहिली. त्या काळच्या अशा कंपन्यांचा धंदा दिवा विकण्याचा नव्हताच. जमिनीखालून नळ टाकायचे, खांब उभारायचे, रोज संध्याकाळी माणूस पाठवून ते पेटवायचे, पहाटे विझवायचे, आणि या सगळ्याचे दर खांबामागे वर्षाचे पैसे गावाच्या कारभाऱ्यांकडून घ्यायचे. दिवा विझला तर पैसे कापले जाण्याची भीती कंपनीला. मुंबईत आर्देशिर कर्सेटजी वाडिया या जहाजबांधणीच्या घराण्यातल्या अभियंत्याने १८३४ मध्ये माझगावचा आपला बंगला वायूच्या दिव्यांनी उजळून दाखवला होता, पण ते झालं एका हौशी, बुद्धिमान माणसाचं प्रात्यक्षिक. रस्त्यावर वायूचे दिवे यायला आणखी तीसेक वर्षं गेली. १८६२ मध्ये बॉम्बे गॅस कंपनी स्थापन झाली आणि १८६५ मध्ये शहराच्या काही भागांत तिचे दिवे लागले. त्या वेळी मुंबई कापसाच्या पैशाने फुगली होती.

विजेची पहिली कंपनी मात्र तोंडावर आपटली. १८८२ मध्ये ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने महापालिकेशी करार करून क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लावले. दुसऱ्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि मंडईत पुन्हा वायूचे दिवे आले. दिवा वाईट होता असं कुणी म्हटलेलं नाही. ज्या व्यवहारावर तो उभा होता तो टिकला नाही, एवढंच. वीस-बावीस वर्षांनी, १९०५ मध्ये, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली तेव्हा तिने हुशारीने विजेची ट्राम आणि विजेचा पुरवठा एकाच बैठकीत बसवला. रात्री दिवे, दिवसभर ट्राम, म्हणजे यंत्रं रिकामी बसणार नाहीत. ती टिकली, वाढली आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेच्या ताब्यात गेली. आजची बेस्ट ती हीच. त्याच १९०५ सालच्या ऑगस्टमध्ये बंगळुरूत शिवनसमुद्रच्या धबधब्यावरून आलेल्या विजेवर रस्त्यावरचे दिवे लागले. त्यामागे म्हैसूर संस्थान होतं, म्हणजे बिल देणारा आधीच ठरलेला.

हे सगळं घडत होतं तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद कंटिन्जंटची ही छावणी. शहरात आजही पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं वापरात आहेत, त्यावरून लष्कराची वस्ती कशी पसरली होती याचा नकाशा डोळ्यापुढे काढता येतो. १९०३ च्या सुमारास छावणी उठली. हैदराबाद शहरात १९१० च्या आसपास विजेचं खातं सुरू झालं, पुढे औरंगाबादसारख्या मोजक्या मोठ्या गावांत वीज पोचली. तालुक्याच्या गावांच्या आणि खेड्यांच्या वाट्याला मात्र या काळात पणती, दिवटी, कंदील आणि चांदणं.

पण उजेड देण्याचा धंदा इथे नव्हता असं नाही. तो वेगळ्या तऱ्हेचा होता, आणि दिवा-कंपन्यांच्या इतिहासात त्याला कुणी जागा देत नाही, म्हणून थोडं थांबू. या भागात उजेड रस्त्याचा नसून प्रसंगाचा होता. वरात, दिंडी, नरसीची यात्रा, औंढ्याची महाशिवरात्र, हिंगोलीचा दसरा. खाकीबाबा मठाशी जोडलेला हा दसरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेला आहे आणि त्याच्या प्रदर्शनाला आजही आजूबाजूच्या जिल्ह्यांतून माणसं येतात. अशा रात्रींना आधी मशाली आणि टेंभे असत. विसाव्या शतकात जर्मन बनावटीची पेट्रोमॅक्स आली आणि तिने टेंभ्यांना हटवलं. गावात एखाद्याकडे चार-सहा बत्त्या असत. तो त्या रात्रीच्या हिशोबाने भाड्याने देई, जाळी बदलून देई, पंप मारून पेटवून देई. वरातीत बत्ती डोक्यावर घेऊन चालणारी माणसं रोजंदारीची. ज्याच्या डोक्यावर उजेड तो बहुतेक वेळा वरातीत पाहुणा नसे, आणि ही गोष्ट नवरदेवाच्या फोटोंमध्येही दिसते, कारण बत्ती चौकटीत असते, माणूस अर्धा कापलेला.

नगराच्या प्रकाशयोजनेचा पहिला स्थानिक उद्योग शोधायचा तर तो मला या बत्तीवाल्यांत दिसतो. आजचा मंडप, लाइटिंग आणि साउंडवाला त्यांचाच वारस. त्याच्या व्यवहारात एक साधी शिस्त होती. ज्या रात्री उजेड, त्या रात्रीचे पैसे, आणि बत्ती मालकाची असल्यामुळे दुरुस्तीही मालकाची. पुढे सरकारी दिव्यांच्या बाबतीत ही शिस्त कधी बसली नाही.

कंदिलाची गोष्ट या प्रांताबाहेरची असली तरी सोडता येत नाही, कारण मराठी माणसाने उभारलेली दिव्याची बहुधा सर्वांत नावाजलेली कंपनी कंदिलाचीच. कऱ्हाडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात, पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने ओगले बंधूंनी १९१६ च्या सुमारास काचेचा कारखाना काढला. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये निघाला होता, आणि स्वदेशीच्या त्या लाटेत काच हा जिद्दीचा विषय झाला होता. ओगलेवाडीच्या या कारखान्याने पुढे 'प्रभाकर' कंदील बाजारात आणला. त्याआधी इथे मिळणारा कंदील अमेरिकन नाहीतर जर्मन. 'प्रभाकर' दिसायला त्यांच्यासारखाच होता, पण काच फुटली तर दुसरी काच जवळच्या बाजारात मिळायची. वात, काच, टाकीचं झाकण हे सगळं सुटं विकत मिळणं हे त्या कंदिलाचं खरं यश. वस्तू विकल्यावर तिचे सुटे भाग वर्षानुवर्षं पुरवत राहण्यात धंदा आहे हे ओगल्यांना कळलं होतं. ग्रामीण भागात वीज आली तसा कंदील मागे पडला, कारखानाही उतरला. गावाचं आणि रेल्वे स्टेशनाजवळच्या वस्तीचं नाव तेवढं राहिलं.

मोठ्या दिवा-कंपन्यांनी नेमकी उलटी वाट धरली होती. १९२४ मध्ये जिनिव्हात फिलिप्स, ओसराम आणि इतर बड्या उत्पादकांनी फीबस नावाचा संघ स्थापन केला. त्यांनी बल्बचं आयुष्य एक हजार तासांवर बांधून टाकलं. जास्त टिकणारा बल्ब बनवणाऱ्याला दंड. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो संघ मोडला, पण बल्बकडे पाहण्याची नजर तीच राहिली. बल्ब ही संपणारी वस्तू, आणि ती संपल्याशिवाय पुढचा नफा नाही. भारतात फिलिप्स १९३० मध्ये कोलकात्यात आली. १९३८ मध्ये रेडिओ लॅम्प वर्क्स ही कंपनी निघाली. वर्ध्याच्या बजाज घराण्याची ही कंपनी १९६० मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्स झाली. मधल्या काळात उत्तर प्रदेशातल्या शिकोहाबादला हिंद लॅम्प्स हा कारखाना बजाज आणि काही परदेशी दिवा कंपन्यांनी मिळून काढला, आणि तिथून निघालेला बल्ब वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांतून दुकानात जाऊ लागला. हिंगोलीतल्या दुकानात गिऱ्हाईक 'बजाज द्या, फिलिप्स नको' म्हणून वाद घालायचं तेव्हा दोन्ही खोक्यांतला माल कधीकधी एकाच भट्टीतून आलेला असण्याची शक्यता होती.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. हिंगोलीच्या रस्त्यांवरच्या दिव्यांचा खरा इतिहास इथून सुरू होतो, आणि तो एका कंपनीचा नसून एका मंडळाचा आहे. पूर्णा नदीवर जिंतूर-सेनगावच्या हद्दीत येलदरीचं धरण झालं. १९६८ च्या सुमारास तिथे साडेसात मेगावॅटचे तीन संच चालू झाले, मिळून २२.५ मेगावॅट. तिथून सोडलेलं पाणी खाली औंढा तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणात येतं. सत्तरच्या दशकात परळीचं औष्णिक केंद्र उभं राहिलं. तारा गावोगाव निघाल्या. त्या मुख्यतः विहिरीवरच्या मोटारींसाठी होत्या, हे लक्षात घ्यायला हवं. गावातला दिवा त्या तारेवर मागून बसला.

आणि तो बसला कसा, यात पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ आहे. गावातून जाणाऱ्या लघुदाब वाहिनीवर तीन फेज, एक न्यूट्रल आणि पाचवी तार फक्त रस्त्यावरच्या दिव्यांसाठी, अशी रचना असायला हवी. पाचवी तार असली की डीपीजवळच्या एका खटक्याने सगळ्या गावाचे दिवे लावता-विझवता येतात आणि त्या तारेला वेगळं मीटर बसवता येतं. कित्येक गावांत ती तार ओढलीच गेली नाही, किंवा तुटली ती पुन्हा जोडली गेली नाही. मग दिवा थेट फेजवर. भर दुपारी बारा वाजता जळणारे दिवे पाहून शहरातला माणूस ग्रामपंचायतीला हसतो, पण तो दिवा बंद करायचा तर खांबावर चढावं लागतं. मीटर नसल्यामुळे बिल अंदाजे. खांबावर किती दिवे आहेत, किती वॅटचे, किती तास चालले, हे गृहीत धरून आकडा काढायचा. मंडळाच्या मते गाव जास्त वीज वापरतं, गावाच्या मते मंडळ विझलेल्या दिव्यांचंही बिल लावतं. दोघांकडेही पुरावा नाही, त्यामुळे भांडण मिटायचं काही कारणही नाही.

दिवा म्हणजे पत्र्याच्या पेटीतली चाळीस वॅटची ट्यूब. मोठ्या चौकात पाऱ्याची वाफ, नंतर सोडियमचा पिवळा दिवा. ट्यूबला चोक आणि स्टार्टर लागतो. चोक स्वतःच दहा-बारा वॅट खातो, आणि खेड्यात रात्री अकरानंतर मोटारी बंद झाल्या की दाब असा चढतो की चोक तापून बसतो. बसवायचं काम मंडळाच्या वायरमनचं की ग्रामपंचायतीच्या शिपायाचं, हा वाद अजून चालू आहे. प्रत्यक्षात गावातला एखादा हिकमती पोरगा चढतो. सरपंचाने स्टार्टर आणून द्यायचा, पोराला चहापाण्याचे पैसे द्यायचे. जिल्ह्यातल्या साडेपाचशेहून जास्त ग्रामपंचायतींच्या रस्त्यावरच्या दिव्यांचं देखभाल-दुरुस्ती खातं म्हणजे हा पोरगा. त्याची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात नसते.

कागदावर जबाबदारी अगदी स्वच्छ लिहिलेली आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मध्ये सार्वजनिक रस्ते आणि जागा उजळणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य आहे. ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा अधिनियम आहे आणि घरपट्टीच्या पावतीवर 'दिवाबत्ती कर' अशी वेगळी ओळ असते. दाराशी उजेड नसला तरी ती भरावी लागते, आणि बरेच जण ती वर्षानुवर्षं भरत नाहीत. कर अपुरा, वसुली त्याहून अपुरी. त्यामुळे बिल भागायचं ते शासनाच्या अनुदानातून. २०२१ मध्ये या व्यवस्थेचा तळ दिसला. थकबाकीपोटी महावितरणने राज्यभर ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडायला सुरुवात केली, आणि ग्रामविकास विभागाने सांगितलं की बिलं पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरा. सरपंच संघटना चिडल्या. त्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, उरलेल्या अबंधित हिश्शातून गावाने नाली करायची, शाळेची खोली दुरुस्त करायची की मागच्या सरपंचाच्या काळातलं बिल भरायचं? माझ्या मते या भांडणात दोन्ही बाजू बरोबर होत्या, आणि चूक होती ती इतकी वर्षं हा खर्च कुणाचा हे धूसर ठेवणाऱ्या पद्धतीची.

भारनियमनाच्या काळाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विद्युत मंडळाचं ६ जून २००५ रोजी विभाजन झालं आणि वितरण महावितरणकडे आलं. त्यानंतरची सहा-सात वर्षं मराठवाड्यातल्या खेड्यांनी दिवसाचा अर्धाअधिक वेळ विजेविना काढला. ज्या वाहिनीवर गळती आणि थकबाकी जास्त, तिथे कपात जास्त, असे गट पाडलेले होते. या गटांच्या तळाला कोणता प्रदेश होता हे सांगायची गरज नाही. या वर्षांत कोणत्या कंपनीचा दिवा चांगला हा प्रश्न विचारणंही हास्यास्पद होतं. लोकांनी इन्व्हर्टर घेतले, दुकानदारांनी जनरेटर. बाजारात उजेड दुकानाचा असे, रस्त्याचा नव्हे, आणि दुकान बंद झालं की रस्ता संपे.

याच काळात एक नवी वस्तू चौकाचौकात आली, तिचं नाव हायमास्ट. बारा ते तीस मीटर उंचीचा निमुळता पोलादी खांब, वर दिव्यांचं कडं, बुंध्यात यारी. बजाज इलेक्ट्रिकल्सने पुण्याजवळ रांजणगावला असे खांब बनवण्याचा कारखानाच काढला होता. दिवा कंपनीच्या दृष्टीने हा मोठा बदल. बल्ब विकणारी कंपनी आता खांब, पाया, तार, बसवणी असं सगळं मिळून कंत्राट घेऊ लागली. ग्रामीण विद्युतीकरणाच्या योजनांतही याच कंपन्यांनी तारा ओढण्याची कामं घेतली. बजाजने तो व्यवसाय २०२३ मध्ये बाजेल प्रोजेक्ट्स म्हणून वेगळा काढला. फिलिप्सचा दिव्यांचा धंदा मूळ कंपनीपासून सुटून २०१८ मध्ये सिग्निफाय झाला होता. म्हणजे ज्या दोन नावांवरून दुकानात वाद व्हायचा, त्यांतलं एक कामं वाटून हलकं होत गेलं आणि दुसऱ्याने नावच बदललं.

हायमास्ट राजकीय पुढाऱ्यांना फार आवडला आणि कारण उघड आहे. तो लांबून दिसतो, एका दिवसात उभा राहतो, उद्घाटनाला बटण असतं आणि बुंध्यावर पाटी लावायला जागा असते. आमदार निधी, खासदार निधी, पंचवीस-पंधरा या लेखाशीर्षाची कामं, दलित वस्ती सुधार योजना, कुठूनही तो बसवता येतो. बसवता येतो, पण चालवता येत नाही. या शीर्षांखाली वीजबिल भरायची सोय नाही. यारीचा दोर गंजला, कडं वर अडकलं की ते उतरवायला बाहेरून तंत्रज्ञ आणावा लागतो. शिवाय त्याचा उजेड चौकात सांडतो आणि पन्नास पावलांवरची गल्ली होती तशी काळोखी राहते, उलट डोळे दिपल्यामुळे जास्तच. अरुंद गल्ल्यांच्या गावात एका उंच खांबापेक्षा दहा बुटके खांब उपयोगी, हे कुठल्याही विद्युत अभियंत्याला माहीत असतं. पण दहा खांबांचं उद्घाटन कसं करायचं?

एलईडीची लाट यावर उतारा म्हणून आली, आणि तिच्यामागची कंपनी लक्ष देण्याजोगी आहे. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड, सगळे तिला ईईएसएल म्हणतात. एनटीपीसी, पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन, ग्रामीण विद्युतीकरण निगम आणि पॉवर ग्रिड या केंद्राच्या चार कंपन्यांनी मिळून २००९ मध्ये ती काढली. ती दिवे बनवत नाही. मोठ्या संख्येने खरेदी करून भाव पाडते, स्वतःच्या खर्चाने जुने दिवे काढून एलईडी बसवते, आणि वाचलेल्या विजेच्या पैशातून नगरपालिकेने काही वर्षांत तिचे पैसे फेडायचे. हुदहुद वादळात १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणम उद्ध्वस्त झालं, तिथे तिने नव्वद हजारांवर दिवे बदलून दाखवले. जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम जाहीर झाला आणि पुढे देशभरात एक कोटीहून जास्त दिवे बदलले गेले. महाराष्ट्र शासनानेही २०१८ च्या सुमारास राज्यातल्या नागरी संस्थांसाठी हीच वाट धरली.

कल्पना चांगली होती, आणि बॉम्बे गॅस कंपनीच्या काळातल्या शहाणपणाशी तिचं नातं आहे, कारण दिवा चालू ठेवण्याची जबाबदारी पुन्हा बसवणाऱ्याकडे आली. पण तिचं गणित एका गृहीतकावर उभं होतं. नगरपालिका आधीपासून बिल भरते, ते आता कमी येईल, उरलेल्या पैशातून हप्ता जाईल. जी नगरपालिका आधीचं बिलच पूर्ण भरत नव्हती, तिच्याकडे बचत कुठून येणार? विजेची बचत झाली, पैशाची झाली नाही. देशभरातल्या नागरी संस्थांकडे या कंपनीची थकबाकी साचत गेली आणि थकबाकी साचली की बंद दिवे बदलण्याचा वेग उतरतो. नगरपालिकेचं म्हणणं, तुमचे दिवे बंद आहेत म्हणून पैसे देत नाही. कंपनीचं म्हणणं, पैसे येत नाहीत म्हणून दिवे बदलत नाही.

दिव्याबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. सोडियमचा दिवा वॅटमागे शंभरच्या आसपास ल्युमेन देतो, म्हणजे एलईडीच्या फार मागे नाही. एलईडीची खरी बचत येते ती उजेड खाली, रस्त्यावर नेमका टाकता येतो म्हणून. ट्यूबच्या जागी अठरा-वीस वॅटचा एलईडी आला तर बिल निम्म्याहून खाली यायला हरकत नाही. पण एलईडीच्या आत चालक-मंडल असतं, ड्रायव्हर म्हणतात ते, आणि दाबाचा चढउतार त्याला सोसत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मराठवाड्यात विजा पडतात तेव्हा लांबलचक उघड्या तारांवरून येणारा धक्का आधी या ड्रायव्हरला मारतो. धक्क्यापासून संरक्षण असलेला दिवा मिळतो, महाग असतो, आणि निविदा सर्वांत कमी दराची मंजूर होते. ट्यूबचा स्टार्टर तालुक्याच्या दुकानात मिळायचा, जळालेला ड्रायव्हर मिळत नाही. सगळा दिवाच काढून टाकावा लागतो. ओगलेवाडीच्या कंदिलात जे होतं ते यात नाही.

रंगावरून मुंबईत वाद झाला. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लागले तेव्हा राणीच्या हाराचा सोनेरी रंग गेला म्हणून राजकीय पक्ष भांडले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि पुढे पिवळसर उजेड परत आला. हिंगोलीत निळसर पांढऱ्या दिव्याबद्दल अशी तक्रार ऐकू येत नाही. इथे तक्रार दिवा आहे की नाही याची आहे. पण प्रश्न खोटा नाही. कडक पांढऱ्या उजेडाने किडे-पाखरं जास्त खेचली जातात आणि डोळ्यांनाही तो बोचतो. पुढची खरेदी करताना जरा उबदार छटेचा दिवा मागायला जास्त खर्च लागत नाही, निविदेत एक ओळ घालावी लागते.

सौर पथदिव्यांना मी फार जागा देणार नाही. बिल नाही, तार नाही म्हणून वाडी-तांड्यांसाठी ती योग्य वस्तू आहे, आणि महाऊर्जेसह अनेक योजनांतून ते बसले. पण बॅटरी तीन-चार वर्षांत मरते किंवा त्याआधीच चोरीला जाते, आणि नवी घ्यायला निधीचं शीर्ष नसतं. पुन्हा तोच प्रश्न, फक्त बिलाच्या जागी बॅटरी.

जास्त उजेड म्हणजे सगळ्यांचं भलं, असंही सरळ नाही. घरोघरी शौचालयं होण्याआधी पहाटे आणि सांजेला गावाबाहेर जाणाऱ्या बायकांना अंधाराचाच आडोसा होता, रस्त्याच्या कडेला दिवा लागला की त्यांना आणखी लांब जावं लागे. आता अभ्यासिकेतून रात्री परतणाऱ्या मुलीला तोच दिवा हवा आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीखालून गूढ आवाज येतात. २०२४ मध्ये मार्च आणि जुलै महिन्यांत या भागात ४.५ तीव्रतेच्या आसपासचे धक्के बसले. आवाज झाला की माणसं घराबाहेर येऊन रस्त्यावर, मारुतीच्या पारावर बसतात. त्या रात्री खांबावरचा दिवा ही सोय राहत नाही, गरज होते. औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी मोजणारी लायगो-इंडिया वेधशाळा होऊ घातली आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेसरचा प्रकाश फिरवून अणूपेक्षा सूक्ष्म हालचाल टिपायची. त्यासाठी केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. त्या प्रकाशाच्या देखभालीची तरतूद पहिल्या आराखड्यापासून आहे, शेजारच्या गावांतल्या दिव्यांच्या अंदाजपत्रकात तेवढी ओळ शोधावी लागते.

जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. तीन नगरपरिषदा, दोन नगरपंचायती. २०११ च्या जनगणनेत ११.७७ लाख लोकसंख्येपैकी शहरी वाटा जेमतेम १५ टक्के, हिंगोली शहर ८५ हजारांचं. तेव्हापासून शहर अकोला आणि नांदेड रस्त्यांच्या बाजूंनी बरंच पसरलं, हळदीच्या बाजाराने रात्रीची वर्दळ वाढवली. नव्या वसाहतींत आधी प्लॉट पडतात, मग घरं, मग खांब, आणि खांबावर दिवा यायला निवडणूक जवळ यावी लागते. एवढ्या आकाराच्या गावाला कुठलीही बडी कंपनी खास प्रकाशयोजना आखून देणार नाही. तिच्यासाठी हा बाजार लहान आहे. मोठ्या करारांत अशी गावं ठोकमध्ये जातात, आणि म्हणूनच करार वाचणारा माणूस गावात असणं महत्त्वाचं.

एलईडीच्या करारांची मुदत सरली की दिवे नागरी संस्थेच्या मालकीचे होतात, आणि हमीही संपते. त्या दिवसापासून बंद दिव्याची तक्रार घ्यायची, ड्रायव्हर तपासायचा, नियंत्रण पेटीतला टायमर ऋतूप्रमाणे बदलायचा, सगळं नगरपरिषदेच्या विद्युत विभागाने. त्या विभागात अभियंता किती, तारतंत्री किती, शिडीची गाडी आहे की नाही, हे आकृतिबंधात मंजूर असतं. मंजूर पदांपैकी भरलेली किती, हे विचारायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज आणि दहा रुपयांचं तिकीट पुरतं.